चांदवडी रुपयाची भेट

कुंदन गायखेचं पुस्तक आलं, ही बातमी सावळीराम विधात्यांना सकाळच्या चहाबरोबर मिळाली आणि तो चहा काही त्यांच्या घशाखाली उतरला नाही. बातमी खुद्द कुंदननंच फोनवरून दिली. "अण्णा, पुस्तक छापून हातात आलं! पहिला फोन तुम्हालाच." अण्णा म्हणाले, "अरे वा, वा! अभिनंदन! फार छान झालं." मग फोन ठेवला, बशीतला चहा मोरीत ओतला आणि बायकोला विचारलं, "आज साखर कुठली वापरलीस?"

"रोजचीच," छायाबाई म्हणाल्या. "का?"

"काही नाही."

आता हे अण्णा कोण, ते आधी सांगून टाकतो. घर मखमलाबादच्या माळ्यांचं. भाऊ अजून गुलाब आणि झेंडू लावतात, पहाटे फुलबाजारात जातात. अण्णांनी मात्र पाणीपुरवठा खात्यात नोकरी करून पेन्शन घेतलं. पण नाशकात त्यांना कुणी पाणीवाले म्हणून ओळखत नाही. ओळखतात ते नाणेवाले अण्णा म्हणून. गावात नाणी जमवणाऱ्यांचं एक मंडळ आहे. रविवारी सकाळी एका शाळेच्या वर्गात ते भरतं. सगळे बाकांवर बसतात आणि गुरुजींच्या खुर्चीत अण्णा. ती खुर्ची त्यांना कुणी दिलेली नाही, पण ते असताना तिच्यात बसायची कुणाची छातीही झालेली नाही.

आणि अण्णा पुस्तक लिहिणार होते. चांदवडी रुपयावर. पेशवाईच्या काळात चांदवडच्या टांकसाळीत पडलेल्या रुपयांवर इतकं जाणणारा माणूस जिल्ह्यात दुसरा नव्हता, हे खरंच. पण पुस्तक काही होईना. कुणी विचारलं, "अण्णा, पुस्तक कुठवर आलं?" की उत्तर ठरलेलं, "झालंच. शेवटचा हात फिरवतोय." असा हात फिरवता फिरवता विचारणाऱ्यांची पोरं लग्नाला आली. कुठं एखादं नवं नाणं निघालं, की अण्णा म्हणायचे, हे घेतल्याशिवाय पुस्तक अपुरं राहील. आणि नाणी काय, निघतच राहतात.

कुंदनचं तसं नव्हतं. कुंदन पळशाचा, शेतकऱ्याचा पोरगा. रोपवाटिका काढली, त्यातून हिरवळ लावायचे ठेके घेऊ लागला. शहराबाहेरच्या एका गोल्फच्या मैदानाला गवत लावून द्यायचं काम मिळालं, ते लावता लावता साहेब लोक काय खेळतात ते बघत राहिला, आणि एक दिवस स्वतःच काठी हातात घेतली. नाण्यांचा नादही त्याला तिथंच लागला. त्याचं असं आहे, की गोल्फमध्ये भोकाजवळच्या मऊ हिरवळीवर आपला चेंडू दुसऱ्याच्या वाटेत आला तर तो उचलून घ्यावा लागतो, आणि जागा चुकू नये म्हणून तिथं एक नाणं ठेवतात. कुंदन ठेवायला म्हणून जुनी नाणी घेऊ लागला आणि ती घेता घेता मंडळात येऊन बाकावर बसला. अण्णांना गुरू म्हणायला लागला. अण्णांनाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

पण शिष्यानं शिष्यासारखं राहावं की नाही? यानं थेट पुस्तक काढलं! तेही गोल्फवर! नाव काय, तर 'भोक लहान, मैदान मोठं'.

"गोल्फ!" अण्णा दिवसभर घरात येरझाऱ्या घालत होते. "अगं, नाशकात गोल्फ क्लब म्हणजे काय? चालायला जायचं मैदान! म्हातारे चालतात, पोरं क्रिकेट खेळतात. तिथं गोल्फ खेळताना मी तरी जन्मात कुणाला बघितलं नाही. आणि हा पुस्तक लिहितो! वाचणार कोण? त्याचं गवत?"

"वाचतील हो कुणी ना कुणी," छायाबाई मेथी निवडत म्हणाल्या. "तुमचं आलं असतं तर तेही वाचलं असतं."

हे वाक्य त्यांनी सहज टाकलं, पण ते अण्णांना असं बसलं की दुपारचं जेवण त्यांनी निम्म्यावर सोडलं.

संध्याकाळी कुंदन स्वतः पुस्तक घेऊन आला. पाया पडला. पुस्तक देखणं होतं, गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. अण्णांनी ते हातात घेतलं आणि आधी छपाईच्या चुका शोधल्या. सापडेनात. मग नाण्यांवरचं प्रकरण उघडलं, म्हटलं इथं तरी पाय घसरला असेल. तिथंही सगळं ठीक होतं, आणि वर लिहिलं होतं, 'हे मला सावळीराम अण्णांनी शिकवलं.' अण्णांच्या पोटात जी आग होती तिच्यावर या ओळीनं तेलच पडलं. आपण शिकवलेलं, आपल्याच नावासकट, दुसऱ्याच्या पुस्तकात!

"अण्णा, रविवारी प्रकाशन आहे," कुंदन म्हणाला. "तुम्ही बोलायचं. आणि मंडळाची भेटही तुमच्याच हातून."

ही भेट म्हणजे मंडळाचा जुना रिवाज. इथं कुणाचा सत्कार असला की शाल-श्रीफळ देत नाहीत. सगळ्यांत जुन्या सभासदानं स्वतःच्या संग्रहातलं एक नाणं काढून द्यायचं. सगळ्यांत जुने अण्णाच, त्यामुळे आजवर त्यांनी बरीच नाणी दिली होती. अर्थात देताना हात आखडता. जे दोन-दोन, तीन-तीन असेल त्यातलं झिजकं एखादं. लोकांनाही ते माहीत होतं, पण रिवाज तो रिवाज.

कुंदन गेला आणि अण्णा कपाटापुढं बसले. याला काय द्यावं? झिजका पैसा दिला तर लोक म्हणणार, अण्णांना पोटात दुखलं. चांगलं दिलं तर अण्णांचा जीव जाणार. आणि काहीही दिलं तरी त्या दिवशी बोलणं होणार ते पुस्तकाचंच. कुंदनचं पुस्तक, कुंदनचं पुस्तक! टाळ्या कुंदनला, हार कुंदनला, आणि अण्णा कोण, तर भेट देऊन बाजूला होणारा म्हातारा. तेव्हा त्यांची नजर त्या डबीवर गेली.

या डबीची गोष्ट मंडळात सगळ्यांना पाठ होती. पत्र्याची छोटी डबी, आत मखमलीचे दोन कप्पे, दोन्हींत एकसारखे दिसणारे दोन चांदवडी रुपये. डावीकडचा खरा. तो अण्णांना सटाण्याच्या बाजारात एका चांदीवाल्याकडं मिळाला होता, मुशीत वितळायला जायच्या आधी. त्याच्या एका बाजूला पानासारखी बारीक खूण होती आणि तशी खूण असलेला दुसरा रुपया अण्णांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. उजवीकडचा खोटा. झालं असं होतं, की एका व्यापाऱ्यानं तो खरा रुपया फोटो काढायला म्हणून नेला, सभ्यपणे परत आणून दिला, आणि पुढं बघतात तर त्याच्या साच्यात ओतलेल्या नकला बाजारात फिरायला लागलेल्या. त्यातली एक अण्णांनी जवळ ठेवली. मंडळात नवा माणूस आला की त्याच्यापुढं डबी उघडायची आणि म्हणायचं, "ओळख, खरा कुठला?" डोळ्यांना कळायचं नाहीच. मग अण्णा दोन्ही नाणी टेबलावर टाकून दाखवायचे. खरा रुपया खणखणीत वाजायचा, टणणन् करत नाद लांबवर जायचा. खोटा नुसता ठप्प. "डोळे फसवतील, कान फसवणार नाहीत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

तो खरा रुपया म्हणजे अण्णांचा जीव की प्राण. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तोच येणार, हे पुस्तकाचं पहिलं पान लिहायच्या आधीच ठरलेलं होतं.

आणि कुंदन नवा असताना या परीक्षेत सपशेल नापास झाला होता. नाणी वाजवून झाल्यावरसुद्धा त्यानं खोटंच उचललं होतं! वर्गात हशा पिकला होता. ते आठवून अण्णांना त्या दिवसात पहिल्यांदा बरं वाटलं.

मग डोक्यात किडा वळवळला. समजा, आपण भर सभेत उठलो आणि म्हणालो, हा माझा चांदवडी रुपया, माझ्या जन्माची कमाई, आज मी कुंदनला देतो. काय होईल? सभा अवाक होईल! पुस्तक राहील बाजूला. महिनाभर गावात एकच बोलणं, अण्णांनी आपला चांदवडी देऊन टाकला, केवढं काळीज! आणि द्यायचा कुठला? उजवीकडचा. कुंदनला कान नाही, त्याला काय कळतंय? आणि पुढंमागं कळलंच, तरी मिळालेली भेट खोटी निघाली म्हणून गावभर सांगायला कोण जाणार आहे? स्वतःचीच शोभा! म्हणजे वाहवा आपली, रुपया आपल्याकडं, आणि कुंदनच्या हातात ठप्प. अण्णांनी मांडीवर थाप मारली. अहाहा!

रविवारी सकाळी त्यांनी डबीतला उजवीकडचा रुपया काढला, एका लाल मखमली पेटीत ठेवला, पेटी टेबलावर ठेवली आणि गुणगुणत आंघोळीला गेले. किती तरी दिवसांत ते गुणगुणले नव्हते.

प्रकाशनाला माणूस बरंच जमलं होतं. गंगापूर रोडच्या एका छोट्या सभागृहात पुढच्या रांगांत गोल्फवाले इस्त्रीचे लोक, मागं पळशाहून आलेली गायख्यांची भावकी. कुंदनची म्हातारी आई, कुसाबाई, पहिल्या खुर्चीत बसून पुस्तकावरचं लेकाचं नाव बोटानं चाचपून बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. अण्णांना तेही बघवेना.

पाहुणे बोलले. छानच बोलले, मेले. मराठीत या खेळावर असं सोप्या भाषेत कुणी लिहिलं नाही म्हणाले. कुंदन बोलला, त्यानं तर लोकांना हसवलं. म्हणाला, "या खेळात पंच नसतो. तुमचा चेंडू झाडीत गेला, कुणी बघितलं नाही, पण तुमचा हात लागून तो हलला, तर तुम्हीच येऊन सांगायचं, दंड म्हणून माझ्या नावावर एक फटका वाढवा. आमच्या पळशाला हे सांगितलं तर माझा मामा म्हणाला, आरं, मंग असला खेळ खेळायचाच कशाला?" सभागृह खो-खो हसलं. अण्णाही हसले. हसताना त्यांचे गाल दुखले.

मग अण्णा उठले. बोलायला ते पक्के. कुंदन बाकावर येऊन बसला तेव्हा कसा होता, खरं-खोटं त्याला कसं कळत नव्हतं, हे त्यांनी गोड शब्दांत सांगून घेतलं. पुस्तकाबद्दल एक वाक्य, "छपाई सुरेख आहे." आणि मग खिशातून लाल पेटी काढली.

"रिवाजाप्रमाणे मी एक नाणं द्यायचं," ते म्हणाले. "पण आज रिवाजापुरतं देणार नाही. माझ्याकडं एक चांदवडी रुपया आहे. मंडळातल्या सगळ्यांनी तो बघितलाय. माणसानं आपल्या शिष्याला काय द्यावं? जे सगळ्यांत प्रिय आहे ते. कुंदन, हा घे."

मंडळाच्या लोकांतून कुणीतरी "अण्णा!" म्हणून ओरडलं आणि टाळ्यांचा पाऊस पडला. लोक उठून उभे राहिले. एका पोरीनं फोटो काढला, तो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. कुंदन मात्र जागेवरून हलेना. त्याच्या डोळ्यांत पाणी. "नाही अण्णा, हे मी नाही घेऊ शकत."

"नाही म्हणायचं नाही. गुरूची आज्ञा आहे."

कुंदननं डोळे पुसत नाणं घेतलं आणि ते सटकलं! अण्णांच्या काळजाचं पाणी झालं. आता वाजणार, ठप्प वाजणार, आणि मंडळाचे सगळे कान इथंच आहेत! पण मंचावर जाड गालिचा होता. नाणं आवाज न करता पडलं. कुंदननं ते उचलून कपाळाला लावलं. अण्णांनी मनातल्या मनात गालिच्याला दंडवत घातलं. त्या दिवशी तो गालिचा नसता तर काय ते तिथंच कळलं असतं, हे त्यांना तेव्हा काय ठाऊक!

पुस्तकाबद्दल मग कुणी बोललं नाही. चहाच्या टेबलाशी सगळे अण्णांभोवती. "काय मन आहे हो!" "आम्हाला नसतं जमलं." अण्णा हात जोडून "छे, छे" म्हणत होते. कुंदन एका कोपऱ्यात पुस्तकांच्या गठ्ठ्याजवळ एकटाच उभा होता. अण्णांनी ते डोळे भरून पाहिलं.

घरी आले तेव्हा दुपार कलली होती. कपडेही न बदलता त्यांनी डबी काढली. आज आपल्या रुपयाला भेटावं, त्याला सगळी मजा सांगावी, असं त्यांना झालं होतं. डावीकडचा रुपया त्यांनी उचलला, प्रेमानं, आणि सवयीनं टेबलावर टाकला.

ठप्प.

अण्णांनी तो पुन्हा टाकला. ठप्प. फरशीवर टाकला. ठप्प.

"छाया! या डबीला हात कुणी लावला?"

छायाबाई पदराला हात पुसत आल्या. "मी. का हो? बरं झालं मी बघितलं! तुम्ही आंघोळीला गेलात, म्हटलं भेट द्यायची आहे, पेटीला हळदीकुंकू लावावं. पेटी उघडली, सहज नाणं ओट्यावर टाकून बघितलं, तर ठप्प! इतकी वर्षं ऐकतेय मी तुमचं ते डोळे फसवतील नि कान फसवणार नाहीत. म्हटलं, अगं बाई, यांनी चष्म्याविना उचललं की काय! भर सभेत खोटं नाणं देऊन यांची अब्रू गेली असती. मग डबीतलं खरं काढून पेटीत ठेवलं, आणि खोटं त्याच्या जागी."

अण्णा खुर्चीत बसले. बसले म्हणजे कोसळले.

"मला वाटलं, मोठं मन केलंत तुम्ही," छायाबाई म्हणाल्या. "मला सांगितलंही नव्हतं तुम्ही कुठलं देणार ते. पण चांदवडी काढलेला बघितला आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं."

आता या बाईला काय बोलणार? मूर्ख म्हणावं, तर कशाबद्दल? नवरा खोटं नाणं देईल हे तिच्या ध्यानातसुद्धा आलं नाही, हा तिचा गुन्हा! करायला गेले गणपती आणि झाला मारुती. अण्णा तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात बसले. परत मागायचा, तर कुठल्या तोंडानं? काय सांगून? "अरे, तुला खोटा द्यायचा होता, चुकून खरा दिला"? रात्री पोटात अन्न नाही, डोळ्याला डोळा नाही. सकाळी पेपर आला. फोटो होता, मोठा. अण्णांचा हसरा चेहरा आणि कुंदनच्या हातात त्यांचा जीव.

दुपारी दारात कुंदन उभा.

"वहिनी, चहा टाका," तो आत येत म्हणाला, पण आवाज नेहमीचा नव्हता. अण्णांच्या समोर बसला आणि खिशातून लाल पेटी काढून टेबलावर ठेवली.

"अण्णा, मला एक कबुली द्यायचीय. काल घरी गेल्यावर मी रुपया वाजवून बघितला. लाज वाटते सांगायला. माझ्या मनात आलं, की अण्णांनी खरा कशाला दिला असेल, तो डबीतला दुसरा असणार. असा संशय घेतला मी तुमच्यावर. आणि वाजवला तर अस्सल टणणन्! आई शेजारच्या खोलीतून म्हणाली, काय गोड वाजलं रे. मला रात्रभर झोप नाही. हा फटका माझ्या नावावर लिहा, अण्णा. माफ करा."

अण्णांना वाटलं, माफी मागतोय हा! आणि याला नाण्याचा कान आला कधी?

"आणि म्हणूनच परत आणलाय," कुंदन म्हणाला. "भावनेच्या भरात तुम्ही दिलात. पण हा तुमचा जीव आहे, तुमच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ आहे. तुमच्या हातून चुकलंच असेल काही, तर आपण दोघंच आहोत, घ्या परत."

बघा, देव दारात आला होता. अण्णांनी नुसता हात पुढं करायचा होता. "हो रे, भावनेच्या भरात दिला," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण समोर कुंदन होता. पुस्तकही त्याचं, माफीही त्यानंच मागायची, आणि वर मोठ्या मनानं नाणंही त्यानंच परत करायचं? आणि आपण काय, भिकाऱ्यासारखं घ्यायचं? कालच्या टाळ्या अजून कानात होत्या. अण्णांची मान ताठ झाली.

"दिलं ते दिलं," ते म्हणाले. "विधात्यांच्या घरात दिलेलं परत घेत नाहीत. चूकबीक काही नाही. जे द्यायचं होतं तेच दिलंय."

छायाबाईंनी चहा आणून ठेवला आणि नवऱ्याकडं कौतुकानं बघितलं.

कुंदननं पेटी आपल्याकडं ओढून घेतली. मग म्हणाला, "मग अण्णा, मी एक ठरवतो. मोठ्या भेटीचं सोनं करायला पाहिजे. प्रकाशक दुसरं पुस्तक मागताहेत. मी चांदवडी रुपयावर लिहितो. मुखपृष्ठावर हाच. तुम्ही मला सगळं शिकवलंयच, राहिलेलं विचारून घेईन, प्रस्तावना तुमची. तुमच्याच्यानं आता लिहून होत नाही, हे तुम्हीही मनात जाणता. पुढच्या दिवाळीपर्यंत करतो बघा."

तो हे वाईट मनानं बोलला नाही. पण अण्णांच्या डोळ्यांपुढं ते पुस्तक उभं राहिलं. देखणं, गुळगुळीत कागदाचं. वर त्यांचा रुपया, खाली 'कुंदन गायखे'. पहिल्या खुर्चीत कुसाबाई ते नाव बोटानं चाचपतेय. आणि हा माणूस खरंच करेल हो! दिवाळी म्हणाला म्हणजे दिवाळीला काढेल!

"नाही!" अण्णा ओरडले. चहाचा कप आडवा झाला. "नाही लिहायचं! तो रुपया तुला द्यायचाच नव्हता मला! खोटा द्यायचा होता, खोटा! डबीतला! हिनं बदलला! माझं पुस्तक आहे ते, माझं नाणं आहे, ठेव इथं!"

बोलून गेले आणि मग त्यांनाच आपला आवाज ऐकू आला. छायाबाई ओट्याला टेकल्या. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. टेबलावरून चहा थेंब-थेंब खाली पडत होता, पण पुसायला कुणी उठलं नाही.

कुंदननं पेटी उघडली, रुपया काढला आणि अण्णांच्या पुढ्यात ठेवला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, तरी आवाज चढला नाही. "मग माझा मला द्या," तो म्हणाला.

"काय?"

"जो मला द्यायचा ठरवला होता तो. तोच माझा."

अण्णांनी डबीतली नक्कल काढून दिली. कुंदननं ती टेबलावर टाकली, ठप्प, आणि मान हलवून पेटीत ठेवली. "बरा आहे. हिरवळीवर चेंडूच्या जागी ठेवायला मला नाणं लागतंच. तिथं ते वाजवून कोण बघतंय?" तो उठला. दारापाशी थांबला. "अण्णा, मी कुणाला सांगणार नाही. तुमची अब्रू ती माझी. गावानं बघितलंय, पेपरात आलंय, खरा रुपया माझ्याकडं आहे. गावाच्या लेखी तो माझ्याकडंच राहील. चांदवडीवर मी लिहीत नाही, ते तुम्ही लिहा. येतो वहिनी."

तो गेला तसा अण्णांनी रुपया छातीशी धरला. आला, आला बाबा परत! हुश्श करून त्यांनी तो टेबलावर टाकला. टणणन् करत नाद घरभर फिरला. अण्णा हसायला लागले. "बघितलंस छाया? परत आला! आता बघच, लिहायलाच बसतो. हा मुखपृष्ठावर..."

"मुखपृष्ठावर कसा?" छायाबाई म्हणाल्या. फडक्यानं त्या चहा पुसत होत्या, वर बघत नव्हत्या. त्यांचं माहेर सटाण्याचं, रागावल्या की त्यांच्या तोंडी तिकडची अहिराणी बोली यायची. "इतलं काय शे त्यामा हसायला? सगळ्या गावाला तो कुंदनभाऊंकडं आहे. तुम्ही छापला तर लोक विचारतील ना, तुमच्याकडं कुठून आला?"

अण्णांचं हसू जागच्या जागी थांबलं.

पुढच्या रविवारी मंडळ भरलं. अण्णा खुर्चीत बसले. रुपया घरी ठेवायचा धीर झाला नाही म्हणून सदऱ्याच्या आतल्या खिशात होता. एक नवी मुलगी आली होती, आरोही नावाची. पेपरातला फोटो बघून आली म्हणाली. "सर, ते डबीतल्या दोन नाण्यांचं मला करून दाखवाल? खरं-खोटं ओळखायचं?"

"आता कुठलं ते!" बाकावरून कोणीतरी म्हणालं. "खरा अण्णांनी देऊन टाकला ना! अण्णा, सांगा हिला."

वर्गातल्या सगळ्यांच्या माना अण्णांकडं वळल्या. प्रेमानं, आदरानं. कुंदन शेवटच्या बाकावर बसला होता. गोल्फवरून थेट आला असावा, कारण बुटाला गवत चिकटलेलं होतं. तो अण्णांकडं शांतपणे बघत होता, आणि काहीही सांगणार नव्हता. अण्णांनी खिशावरून हात फिरवला. तिथं होता, जड, गार, अस्सल. आणि त्या क्षणी त्यांना त्या शेवटच्या बाकावरच्या माणसाचा, त्याच्या पुस्तकाचा, त्याच्या झोपेचा, त्याच्या खिशातल्या ठप्प वाजणाऱ्या खोट्या नाण्याचाही हेवा वाटला.

"तो आता कुंदनकडं आहे, बाळ," अण्णा म्हणाले. "त्यालाच विचार."